दुसरा हात सुकाणूवर

आमच्या नावेला शीड आहे. बाबांनी ताडपत्रीचं शिवून लावलं तेव्हा गाव म्हणालं, भैयाजीनं नावेले लुगडं नेसवलं. धरणाचं पाणी चढल्यापासून आमचं दोन एकर वावर पलीकडच्या काठावर एकटं पडलंय, नावेशिवाय तिथे जाता येत नाही. बाबा शीड सांभाळायचे, मी सुकाणू धरायची. जोराच्या वाऱ्यात डोलकाठीच्या बुडाचे स्क्रू ढिले पडायचे. मग बाबा भर पाण्यात गिरमिट काढून शेजारी नवं भोक पाडायचे. गिरमिटाला दोन हात लागतात. बाबांचे दोन्ही मोकळे असायचे, कारण सुकाणूवर मी होते.

एप्रिलमध्ये बाबा गेले. छातीत दुखतं म्हणाले आणि दवाखान्याच्या वाटेतच गेले. मी अजून रडले नाही. वर्गात मुली माझ्याकडे बघून आवाज खाली करतात, म्हणून मीच मोठ्यानं बोलते. यंदा वक्तृत्वात तालुक्यातून पहिली आले, आता मला कुणासमोरही उभं करा. आतून मात्र दाढेला भूल दिल्यासारखं आहे. जीभ लावली की कळतं, काहीतरी आहे तिथे. दुखत नाही.

खुशाल काकाजी, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, म्हणत होते की पलीकडचं वावर गावातल्या अमरला ठेक्यानं देऊन टाकू. अमरकडे इंजिनची नाव आहे. "पोरीच्या भरवशावर धानाची रोवणी होते का?" आई हो म्हणेना, नाही म्हणेना. मी म्हटलं, मले बॅटरीवालं ड्रिल घेऊन द्या, नाव मी नेईन. शनिवारी ते अमरला शब्द देणार होते. शुक्रवारी मला घेऊन कारध्याचा पूल ओलांडून भंडाऱ्याला आले. बहुतेक माझं तोंड बंद करायला.

हार्डवेअरवाल्यानं काउंटरवर तीन ड्रिल मांडले. पाणी भरायचा पितळेचा गुंड घेताना आमच्याकडे जे करतात, तेच काकाजींनी केलं. एकेक हातावर तोललं, मग नखानं वाजवून पाहिलं. ठप्प आवाज आला.

"काकाजी, पितळेची दुकानं पुढच्या गल्लीत हायेत," दुकानदार म्हणाला.

"वजन पाहून राहिलो. वजन नाही तं वस्तू नाही." त्यांनी सगळ्यात जड, भिंत फोडायचं उचललं. "हे बांधा."

"वापरणार कोण?"

"हिचा बाप," काकाजी म्हणाले.

सवयीनं म्हणाले. मग काउंटरवरचा खिळा उचलून तो इकडून तिकडे फिरवत बसले. दुकानदाराला काही कळलं नाही. बाहेर एक ऑटो हॉर्न वाजवत होता, मी ते मोजले. सात.

"मी वापरणार," मी म्हटलं. "लाकडाचा तुकडा द्या, दादा."

डावा हात मी पाठीमागे घेतला आणि ते जड ड्रिल एका हातानं टेकवलं. बटण दाबताच मनगट पिरगळलं, टोक घसरलं आणि लाकडावर लांब ओरखडा उठला.

"दोन हातांनी धर ना," काकाजी म्हणाले. "तो हात मांगं कायले ठेवून राहिली?"

"तो सुकाणूवर आहे, काकाजी."

"घडीभर सोडलं तं?"

"नाव आडवी होते. शिडात वारा असते, नावेत बाया असतात."

"मंग कोणाले तरी धरायले लाव."

"कोणाले?"

काकाजी आमच्या नावेत एकदाही बसलेले नाहीत. ते त्या ओरखड्याकडे बघत राहिले.

मी सगळ्यात लहान ड्रिल घेतलं. माझी बोटं त्याच्या मुठीभोवती पुरी वळली. भोक सरळ पडलं. दुकानदारानं पुढची कडी फिरवून दाखवली. स्क्रू बसला की ते आपोआप फिरायचं थांबतं, म्हणजे जुनं लाकूड फाटत नाही. बॅटऱ्या दोन होत्या.

"भिजलं तं?" मी विचारलं.

"भिजवायचं नाही."

"नाव आहे, दादा."

"मंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. अन् काढशीन तवा दोरीनं मनगटाले बांध. पाण्यात पडलं तं मले सांगू नको."

"खेळण्यासारखं दिसते," काकाजी म्हणाले. पण जड ड्रिल त्यांनी मागे सरकवलं. मग विचारलं, "नावेत बाया किती बसतात?"

"सहा. रोवायच्या पऱ्ह्याच्या पेंढ्या घेतल्या तं चार."

"बारा बाया लागतीन रोवणीले. तीन खेपा." त्यांनी बोटांवर मोजलं. "वारा कवा सुटते?"

"नऊनंतर. पहिली खेप त्याच्या आधी न्यायची, वल्ह्यानं."

काकाजींनी फोन काढला आणि तिथेच अमरला सांगितलं, "यंदा वावर देत नाही. पोरगी करते. हो, तीच. भैयाजीची."

मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या. एरवी मी बक्षीस नसलं तरी मारते. मी दुकानदाराला विचारलं, बॅटरी किती वेळात भरते. एक तास, तो म्हणाला. मी म्हटलं, बरं.