अर्जदार क्रमांक एक

"आईला घेऊन समुद्राकाठी वार्नाला मावशीकडे जा, बाबा. आजच्या आज," रादा फोनवर म्हणाली.

"आणि गाव काय म्हणेल? अर्जदार क्रमांक एकच पळाला? निकाल लागू दे, मग बघू." स्तोयनो खोकत खोकत हसला. "काय गं, तिथं आत बसून काही वाचलंबिचलंस वाटतं?"

"नाही," रादा म्हणाली.

निकालाचा मसुदा तिच्यासमोरच पडला होता. लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयात ती अनुवादक होती. न्यायाधीश फ्रेंचमध्ये लिहीत, ती ते बल्गेरियनमध्ये आणी. बल्गेरियातल्या तिच्या गावाशेजारच्या कोळशाच्या वीज केंद्राला जास्त धूर सोडायची सवलत देणारा युरोपचा नियम रद्द करा, असा दावा तिच्या बापाने गाव गोळा करून लावला होता. त्याचे नाव दिसताच तिने कागद परत करायला हवे होते. पण लग्नानंतरचे आडनाव पथ्यावर पडले आणि तिला मोह आवरला नाही. आता निकाल जाहीर होईपर्यंत तोंडाला कुलूप.

तिने वाक्य उतरवले: 'धुराचा त्रास अर्जदारांना होतो तसाच तो इतर सर्वांनाही होतो, सबब अर्जदारांना स्वतंत्रपणे दाद मागता येत नाही.' म्हणजे जितकी जास्त माणसे गुदमरतील तितका एकेकाचा हक्क कमी. तिला शिसारी आली. शब्द मात्र तिने चोख निवडले. दुसरे काय येत होते तिला?

रोज ती फोन करी, तेच विनवी आणि कारण गिळून टाकी. थंडी पडली, धूर खाली बसला. एका सकाळी आईची छाती भरली आणि अँब्युलन्स यायच्या आत सगळे आटोपले. तिथल्या रीतीप्रमाणे आईचा फोटो छापलेले निधनाचे पत्रक घराच्या फाटकावर चिकटवून रादा कामावर परतली.

त्याच आठवड्यात निकाल जाहीर झाला. संध्याकाळी बापाचा फोन आला.

"दुकानात सगळ्यांना वाचून दाखवला. दुकानवाला मितको म्हणतो, मग आपल्यातल्या एकालाच धूर द्यायला सांगायचं होतं, म्हणजे जिंकलो असतो!"

रादाला हसू आले नाही. त्यालाही आले नव्हते.

"भाषा तुझी आहे, पोरी. शाळेतल्या निबंधांपासून ओळखतो मी ती. कधी लिहिलंस?"

खोटे बोलायचे बळ आता तिच्यात उरले नव्हते.

"आई असताना."

पलीकडे त्याला खोकल्याची उबळ आली.

"छान लिहिलंयस," स्तोयनो म्हणाला. "कुठं एक चूक नाही."