छॉ म्हटलं की मी पडते

मी एक जुनी कवळी आहे. नाक मुरडू नका मित्रांनो. तुम्ही आज ज्या दातांनी पेन्सिली चावताय, त्यांच्या जागी उद्या माझीच कोणीतरी नातेवाईक बसणार आहे, तेव्हा आधीच ओळख झालेली बरी. मी वरची कवळी. खालची ती माझी धाकटी बहीण. जेवताना आमचं दोघींचं रोज वाजतं, पण ती अबोल आहे आणि मला बोलल्याशिवाय करमत नाही, म्हणून आमच्या घराण्याची हकीकत मीच सांगते.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यामागच्या एका अरुंद खोलीत झाला. डॉक्टरीणबाईंनी आमच्या आजोबांच्या तोंडात गार, चिकट लगदा भरून माप घेतलं. त्यावरून आधी प्लास्टरचा जबडा झाला, मग मेणाची मी झाले आणि शेवटी ही गुलाबी, चकचकीत मी. आजोबा पेशाने शिंपी. जन्मभर त्यांनी लोकांची मापं घेतलेली; आता कोणी आपलं माप घेतंय म्हटल्यावर त्यांना गप्प बसवेना.

"बाई, जरा माया सोडा," ते म्हणाले. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. "पुढेमागे माणूस सुटतो. मग उसवून मोठं करता येतं."

"आजोबा, जबडा सुटत नाही. तो उलट आटत जातो," बाई म्हणाल्या.

आणि तसंच झालं. जबडा आटत गेला, मी होते तेवढीच राहिले. थोरल्याचा सदरा धाकट्याला व्हावा तशी मी त्यांच्या तोंडात सैल झाले. पण हे पुढचं. सुरुवातीची वर्षं मी गाजवली. आजोबा पँटचा काठ मुडपायला गिऱ्हाइकाच्या पायाशी बसत, तेव्हा टाचण्या कुठे असत? माझ्या पुढच्या दातांत. एका वेळी सहा-सात तरी असायच्याच. तोंडात टाचण्या असल्या की माणूस ओठ मिटूनच बोलतो. "छातीत अडतीस, बाही तेवीस" हे सगळं नाकातून, भुंग्यासारखं बाहेर यायचं. ते कळायचं फक्त आजींना, कारण त्या शेजारीच बसून काजं करायच्या. गिऱ्हाईक आजींकडे बघून विचारी, "मास्तर काय म्हणाले?" आणि आजी सांगत, "गुरुवारी या म्हणाले." कधी कधी ते तसं म्हणालेलेही नसत.

लोक म्हणायचे, "मास्तर, दात अगदी खरे वाटतात हो." तेव्हा मी होते त्याहून गुलाबी व्हायचे. मग दुकान बंद झालं. टाचण्या डबीत गेल्या, पण आजोबांचे ओठ काही उघडले नाहीत. सवय ती सवय. माझी रवानगी बेसिनवरच्या पेल्यात झाली. गरज सरो वैद्य मरो. जेवणापुरतं आणि पाहुण्यांपुरतं मला तोंडात घ्यायचे, एरवी मी पाण्यात बसून नळाची गळती ऐकायची.

अशात एक दिवस सूनबाईंचा फोन आला. आजोबांचा मुलगा बोटीवर कामाला, वर्षातले नऊ महिने समुद्रावर. सूनबाई ओडिया बोलणाऱ्या. त्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासण्याचं काम करत. लग्नानंतर त्या चांगलं मराठी शिकल्या, पण त्या राहत माहेरी, ओडिशात, आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी तिथल्या आजीजवळ वाढत होती, त्यामुळे तिला येई ती फक्त ओडिया. पावलं न वाजवता घरभर फिरते म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत.

"बाबा, मला तुमच्या गावात नोकरी मिळतेय," सूनबाई म्हणाल्या. "पण आधी आठ दिवस राहून बघते. मुंगी रमली तर हो म्हणते. नाही रमली तर नाही म्हणून कळवते. पोरीला रडवत ठेवून मला नोकरी करायची नाही."

फोन ठेवून आजोबा खिडकीशी जाऊन बसले. नात त्यांनी आजवर दोनदाच पाहिली होती. सून आणि नात इथेच, याच घरात राहायला येणार, या नुसत्या विचाराने त्यांचे कान लाल झाले होते.

"माझं एक वेळ ठीक आहे," आजी म्हणाल्या. "मी मांडीवर घेईन, केस विंचरीन, जमवीन काहीतरी. तुमचं कसं व्हायचं? फोनवर तुम्ही बोललात की ती आईच्या पाठीमागे लपते. विचारते म्हणे, आजोबांच्या तोंडात घास आहे का."

हे आजोबांना फार लागलं. मलाही लागलं, कारण घास नव्हता, मी होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सूनबाईंना विचारलं, मुंगीला आवडतं तरी काय?

"लपंडाव. पण राज्य असेल त्याने तिच्या भाषेत मोजायचं. दुसऱ्या भाषेत मोजलं की म्हणते, हा रडीचा डाव. दहापर्यंत शिका बाबा, पुरे."

"दहाच ना? एक, दोन, तीन, तेच सगळं," आजोबा म्हणाले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, पण हे अंथरूण त्यांनी अजून उलगडलंच नव्हतं.

संध्याकाळी फोनवर शिकवणी सुरू झाली. एकॉ, दुइ, तिनि, चारि, पांचॉ. मराठी आकडा, मित्रांनो, दार लावून घेतो. पाच म्हटलं, सात म्हटलं, की जीभ वर टेकली, विषय संपला. ओडियातला आकडा बोलून झाला तरी दार उघडंच असतं. ओठ गोल, आणि शेवटी थोडासा श्वास रेंगाळतो.

"बाबा, सात म्हणून तोंड मिटू नका. सातॉ."

"सात्."

"बाबा, तुम्ही मनातल्या मनात म्हणताय का?"

"चांगलं मोठ्याने म्हणतोय की."

शेवटी आजींनी दोऱ्याचं रीळ आणलं आणि आजोबांच्या ओठांत उभं धरलं. "एवढं उघडायचं. याच्यापेक्षा कमी उघडलंत तर चहा नाही." चहाच्या धाकाने ओठ उघडू लागले. आजोबा आरशासमोर उभे राहून एकॉ, दुइ करू लागले, आणि इथे माझे दिवस फिरले.

त्याचं असं आहे. सैल कवळीला आधार असतो तो मिटणाऱ्या तोंडाचा. ओठ मिटले की मी टाळूला चिकटते. तोंड उघडं राहिलं की माझी मी. पांचॉपर्यंत मी कशीबशी तग धरायचे. मग यायचा सहा. त्यांचा सहा म्हणजे छॉ. ओठ गोल, तोंड उघडं, आणि वरून त्या छची फुंकर. की मी पडले. पहिल्या दिवशी बहिणीच्या अंगावर, दुसऱ्या दिवशी चहात. आजोबा मला अंगठ्याने वर ढकलत आणि सातॉ म्हणत.

"सहा आला की यांचा वरचा मजला खाली," आजी फोनवर सुनेला सांगत.

मग त्यांनी सहा गाळून बघितला. सूनबाई म्हणाल्या, "मुंगी तेवढा बरोबर पकडेल." मग औषधांच्या दुकानातून कवळी चिकटवायची पेस्ट आली. नळीवर लिहिलं होतं वाटाण्याएवढी. आजोबांनी लावली बोटभर. आमचा चौघांचा, म्हणजे दोन कवळ्यांचा आणि दोन जबड्यांचा, असा काही मिलाफ झाला की जेवणाची वेळ टळली तरी तोंड उघडेना. आजी म्हणाल्या, लग्नानंतर घरात इतकी शांतता पहिल्यांदाच. डॉक्टरीणबाईंनी नव्या कवळीचं माप घेतलं, पण ती तयार व्हायला तीन आठवडे, आणि मुंगी यायची रविवारी. म्हणजे सगळी मदार माझ्यावर. नव्या मापाचं ऐकून मला रडू आलं होतं, पण ते बाजूला ठेवून मी ठरवलं की या वेळी पडायचं नाही.

मुंगी आली. आली आणि आईच्या बॅगेमागे बसली. आजींनी तिचे केस विंचरले, ते तिने विंचरू दिले. आजोबा जवळ आले की ती बॅग मध्ये ओढायची. आणि आजोबांचं गाडं पुन्हा मूळपदावर. तिच्यासमोर जीभ अडखळायची, ओठ मिटायचे, जणू टाचण्या परत तोंडात आल्या. "एक्, दु," एवढं नाकातून म्हणत आणि चहाचं काय झालं ते बघायला निघून जात. असे पाच दिवस गेले. मुंगी रोज आईला विचारायची, घरी कधी जायचं. ते मात्र भाषा न येताही सगळ्यांना कळायचं.

सहाव्या दिवशी दुपारी सूनबाई आतल्या खोलीत फोनवर बोलत होत्या. "नाही जमणार असं वाटतंय. परवा नक्की कळवते," हे त्यांचं बोलणं आजोबांनी ऐकलं. ते उठले. कोणाला काही न विचारता कपाटाकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि मोजायला लागले.

"एकॉ."

कोणी हललं नाही.

"दुइ. तिनि."

बॅग सरकल्याचा आवाज आला. चारि म्हणेपर्यंत कोणीतरी शिंपीकामाच्या टेबलाखाली शिरलं. पांचॉ. आणि आजोबा थांबले. का थांबले ते मला ठाऊक होतं. ओठ मिटून काहीतरी पुटपुटता आलं असतं. त्यांची अब्रू राहिली असती, मीही जागेवर राहिले असते. फक्त तो छॉ झाला नसता. मी टाळू घट्ट धरली. त्यांनी छातीभर श्वास घेतला आणि जन्मात उघडलं नव्हतं एवढं तोंड उघडून म्हणाले, "छॉ."

मी उडाले. कपाटाच्या दारावर आपटले, फरशीवर पडले आणि घसरत घसरत टेबलाखाली मुंगीच्या पायांच्या बोटांशी जाऊन थांबले. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघून हसले. मला दुसरं काही येतच नाही.

आजोबा वळले नाहीत. राज्य असणाऱ्याने दहा होईपर्यंत मागे बघायचं नसतं. ते पुढे मोजत राहिले. "सातॉ." माझ्याशिवाय, मित्रांनो. "आठॉ. नॉ. दॉसॉ." आणि काय आवाज होता तो. गोल, मोकळा, सूनबाई फोन हातात तसाच धरून दारात येऊन उभ्या राहिल्या असा. इतके दिवस मी जीव तोडून जागेवर राहायची धडपड करत होते, आणि माझ्यावाचून त्यांचं अधिक चांगलं चाललं होतं. मला फार वाईट वाटलं. कोणालाही वाटेल.

आजोबा वळले तेव्हा त्यांचा हात तोंडावर होता. असं बोळकं तोंड त्यांनी आजींखेरीज कोणाला दाखवलं नव्हतं. टेबलाखालून मुंगी बाहेर आली. तिच्या ओंजळीत मी होते.

"अगं बाई, उष्टी आहे ती," आजी म्हणाल्या.

मुंगीने ते ऐकलं नाही, किंवा तिला कळलं नाही. ती फरशीवर मांडी घालून बसली आणि माझ्या एकेका दातावर बोट ठेवून मोजू लागली. एकॉ, दुइ, करत दॉसॉपर्यंत आली. दात अजून चार उरले होते. तिने मान वर करून आजोबांकडे बघितलं. आजोबांची शिकवणी तर दहालाच संपलेली.

"एगारॉ," मुंगी म्हणाली. आजोबांशी बोललेला तिचा पहिला शब्द.

आजोबांनी तोंडावरचा हात काढला. "एगारॉ."

"आउ थरे."

"पुन्हा एकदा, म्हणतेय," सूनबाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा म्हटलं. मग बारॉ, तेरॉ, चउदॉ. माझे दात संपले. मुंगीने क्षणभर विचार केला आणि आजोबांच्या तोंडासमोर तळहात पसरला. त्यांनी मुकाट्याने माझी धाकटी बहीण काढून तिच्या हातावर ठेवली.

आठव्या दिवशी सूनबाईंनी बॅग भरायला घेतली आणि मुंगीला तिच्या भाषेत विचारलं, निघायचं ना? मुंगी आजोबांना घेऊन टेबलाखाली बसली होती. तिने मान वर न करताच काहीतरी उत्तर दिलं. सूनबाई हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले आणि भरलेले कपडे बॅगेतून परत बाहेर काढू लागल्या.

"काय म्हणाली गं?" आजींनी विचारलं.

"म्हणते, आजोबांना अजून अठ्ठावीसच येतात. शंभरपर्यंत कोण शिकवणार?"

पुढे नवी कवळी आली. घट्ट बसते, खाणंपिणं आणि पाहुणे तीच सांभाळते. संध्याकाळची शिकवणी मात्र आम्हां दोघी बहिणींवर चालते, आणि गाडी आता चाळिशीपर्यंत आली आहे. मित्रांनो, आपल्या वस्तू धुऊन, पुसून, जागच्या जागी ठेवा, हे मी सांगायला हवं आणि सांगते. पण त्याहून एक सांगते. कोणाच्या भाषेत मोजायला लागलात, तर तोंड उघडा. दात पडतील म्हणून ओठ मिटून बसू नका. पडले तर ते उचलून आणून देणारं कोणीतरी टेबलाखाली बसलेलं असतं, आणि ते फक्त तुम्ही छॉ म्हणायची वाट बघत असतं.