अझीज झोपली आहे

फरंगीसने फोन चहाच्या बरणीला टेकवून उभा केला, पदराने चष्म्याची काच पुसावी तशी ओढणीच्या टोकाने त्याची काच पुसली आणि भावाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. हूशंगची दाढी वाढलेली होती.

"अझीजला दे," ती म्हणाली. आईला दोघं बहीणभाऊ अझीजच म्हणत.

"झोपली आहे."

"आठवडा झाला, झोपलेलीच आहे."

"मग या वयात झोपणार नाही तर काय नाचणार? जेवली, औषध घेतलं, आडवी झाली. अगदी छान आहे. तू तुझं सांग. किती दिवस राहिले?"

"नऊ."

"नऊ ना? मग बस तिथेच बूड टेकून. आम्ही इथे मजेत आहोत."

मजेत आहोत म्हणताना त्याने मान वळवली. त्याच्या मागून त्याची बायको मोनीर एक ताटली घेऊन गेली. ताटलीत खजूर होते.

खजूर घरात कुणी सहज म्हणूनही आणतं, हे तिला ठाऊक होतं. पण मयतीच्या घरी खजूर असतातच. आणि हूशंग तर बँकेतून निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी सातला दाढी करणारा माणूस. सुट्टीच्या शुक्रवारीसुद्धा. आयुष्यात त्याने दाढी वाढवली ती एकदाच, आगाजान, त्यांचे वडील, गेले तेव्हा.

ती आठवण आली आणि तिने फोन पालथा घातला.

परमुलखात असलेल्या माणसाला वाईट बातमी सरळ सांगायची नाही, ही त्यांच्या घरची, गल्लीची, अख्ख्या रश्त शहराची रीत. आधी 'छान आहे', मग 'जरा बरं नाही', मग 'जमलं तर येऊन जा', आणि शेवटी विमानतळावर काळ्या कपड्यांतली चार माणसं. आगाजान गेले तो तिचा टोरांटोतला पहिला हिवाळा. तब्बल बारा दिवस हूशंग फोनवर "झोपलेत" म्हणत राहिला. त्या बारा दिवसांत तिने वडिलांसाठी लोकरी मोज्यांचे दोन जोड घेतले होते, वर दुकानदाराशी पायाच्या मापावरून हुज्जतही घातली होती. त्याबद्दल तिने भावाला आजवर माफ केलं नव्हतं. आणि आता तोच आवाज, तेच वाक्य.

"आजी, तू थरथरतेस का?" टेबलाखाली रंगीत खडू घेऊन बसलेल्या पर्नियाने विचारलं.

"थंडी आहे, जिवा."

थंडी नव्हती. लेकीच्या, तरलानच्या, घरातला हीटर पहाटेपासून धडधडत होता.

नियम साधा होता. कायम रहिवासाचं कार्ड पुन्हा मिळायचं तर पाच वर्षांत सातशे तीस दिवस या देशात काढलेले असले पाहिजेत. फरंगीसने गेली पाच वर्षं शिवणयंत्राच्या धोट्यासारखी ये-जा केली होती. इथे लेक, तिथे आई. तरलानने स्वयंपाकघराच्या दारामागे एक तक्ता लावून ठेवला होता. त्यात येण्याजाण्याच्या तारखा होत्या, शिक्क्यांवरून तीनदा ताडून पाहिलेल्या. मागच्या उन्हाळ्यात अझीजचा गुडघा धरला आणि फरंगीस रश्तला सहा आठवडे जास्त राहिली. तिथेच सगळी शिल्लक संपली. आता या नऊ दिवसांपैकी एकही हातचा सोडता येणार नव्हता. नवव्या दिवशी पाच वर्षं भरत होती आणि त्यानंतर इथे काढलेला प्रत्येक नवा दिवस सुरुवातीच्या वर्षाचा एक जुना दिवस गिळणार होता. म्हणजे उशिरा भरून काढू म्हणायचीही सोय नव्हती.

आणि कार्ड नाही म्हणजे लेक नाही. तरलान इराणात पाऊल ठेवू शकत नव्हती. विद्यापीठात असताना तिने एका पत्रकावर सही केली होती आणि ते प्रकरण अजून कुठल्यातरी फायलीत जिवंत होतं. पाहुणी म्हणून येण्यासाठी फरंगीसने पूर्वी दोनदा व्हिसा मागितला होता, दोन्ही वेळा नकार आला. मग तरलानने सात वर्षं खटपट करून आईला कायमचं बोलावून घेतलं. मायलेकींच्या भेटीची ही एकच वाट होती.

दुसऱ्या दिवशी फरंगीसने भावाला सोडून भावजयीला गाठलं.

"मोनीर, फोन अझीजच्या उशाशी ने. मला तिचा श्वास ऐकव, बस."

"अगं, नुकताच डोळा लागलाय तिचा. तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

"मग फोटो पाठव."

"पाठवते ना. त्यात काय एवढं."

फोटो यायला पाऊण तास लागला. अझीज खिडकीशी बसलेली होती, फुलाफुलांची ओढणी, हातात चहाचा पेला, गालावर हसू. फरंगीस क्षणभर सुखावली. मग तिने फोटो मोठा करून पाहिला. खिडकीबाहेरचं नारंगीचं झाड पांढऱ्या फुलांनी डवरलेलं होतं. नोव्हेंबर सुरू झाला होता. या दिवसांत त्या झाडाला फळं असतात, फुलं नाहीत. फोटो वसंतातला होता.

तिने फोन खाली ठेवला आणि खुर्ची पकडून बसली.

तरलान दवाखान्यातल्या कामावरून परतली तेव्हा आई अजून तिथेच होती. भात शिजत ठेवला होता तो खाली लागून करपला होता. तरलानने गॅस बंद केला, पर्नियाला दुसऱ्या खोलीत धाडलं आणि फोटो पाहिला.

"मामान," ती म्हणाली, "आठ दिवस राहिलेत."

"ठाऊक आहे."

"आजी गेली असेल तर गेली. दफन झालंसुद्धा असेल. तू आत्ता धावलीस म्हणून काही ती उठून बसणार नाही. आठ दिवसांनी जा. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला पोचशील."

"आणि गेली नसली तर? अजून धुगधुगी असली तर? डोळे दाराकडे लावून पडली असली तर?"

"मग हूशंगमामाने सांगितलं असतं."

"हूशंगने?" फरंगीस ओरडली. "त्याने माझ्या बापाला बारा दिवस झोपवून ठेवलं होतं!"

तरलानने करपलेलं भांडं सिंकमध्ये टाकलं. तिचा आवाज खाली आला.

"आणि मी? मी कुणाला बोलावू? परवानगी गेली तर तू इकडे येऊ शकत नाहीस, मी तिकडे येऊ शकत नाही. कुठे भेटायचं आपण? विमानात?"

फरंगीसला लेकीची भीती वाटत होती, आईची वाटत होती, त्या तक्त्याची वाटत होती. सगळ्यात जास्त भीती होती ती अशी, की आठ दिवस ती भात शिजवत, नातीच्या वेण्या घालत इथे बसेल आणि त्यातल्याच एखाद्या दुपारी, ती कांदा चिरत असताना, तिकडे तिचं नाव घेत आई जाईल. वडिलांच्या वेळी तिला माहीत नव्हतं. या वेळी माहीत असून ती बसून राहिली असं होईल.

तिसऱ्या दिवशी तरलाननेच तिला विमानतळावर सोडलं. गाडीतून उतरताना लेक म्हणाली,

"दाखला घे. मृत्यूचा. इस्पितळाचे कागद, दफनाची पावती, जे मिळेल ते. इमिग्रेशनचा सल्लागार म्हणाला, आई गेल्याचा पुरावा असेल तर कदाचित दया दाखवतात. नक्की नाही, पण कदाचित."

"घेते."

"विसरू नकोस, मामान. कागद हवाच."

तिने आईला घट्ट मिठी मारली आणि इतका वेळ सोडलंच नाही की मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला.

फरंगीसने हूशंगला कळवलं नाही. कळवलं असतं तर त्याने विमानतळावर माणसं उभी केली असती, आणि काळ्या कपड्यांतली माणसं पुन्हा पाहण्याची तिच्यात ताकद नव्हती. इस्तंबूलहून पुढच्या विमानात तिने स्वच्छतागृहात जाऊन निळा झगा उतरवला आणि काळा चढवला. काळी ओढणी घेतली. आरशात पाहिलं आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बाईने तिला पाहून मान झुकवली.

"देव तुम्हाला धीर देवो," ती म्हणाली.

तेहरानहून रश्तपर्यंत तिने टॅक्सी केली. घाट उतरताना धुकं लागलं, पुढे भाताची कापलेली शेतं आली. तिला प्रत्येक वळणावर वाटत होतं, टॅक्सी जरा हळू चालली तर बरं. पोचेपर्यंत तरी ते खरं झालेलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशीच तिला भिंतीवर काळं कापड दिसलं, मयतीच्या घरी लावतात तसं, त्यावर पांढरी अक्षरं. तिचे डोळे भरून आले होते, तिला वाचता येईना. दोन पावलं पुढे गेल्यावर दिसलं की कापड त्यांच्या भिंतीवर नव्हतं, शेजारच्या होतं. नाव रहमतुल्ला नावाच्या शेजाऱ्याचं होतं. फरंगीस तिथेच थबकली. खजूर, तिच्या मनात आलं. खजूर त्यांच्याकडचे.

दार लोटलेलं होतं. तिने आत जाऊन ते मागे लावून घेतलं, बूट काढले आणि खोलीत पाऊल टाकलं.

अझीज खिडकीशी रजई गुंडाळून बसली होती आणि लसूण सोलत होती.

अर्धी झाली होती. गाल आत गेले होते, मनगटावर सुयांचे काळेनिळे डाग होते. पण बोटं चालू होती, सराईतपणे, आणि पुढ्यातल्या वाडग्यात पांढऱ्या पाकळ्यांचा ढीग झाला होता. तिने वर पाहिलं. लेकीला ओळखायला तिला एक क्षण लागला. मग तिची नजर काळ्या ओढणीवर गेली, काळ्या झग्यावर गेली आणि तिच्या हातातली लसूण खाली पडली.

"कोण गेलं?" तिने विचारलं. आवाज नव्हताच, नुसती घरघर.

फरंगीस गुडघ्यांवर बसली. तिने आईचे लसणाचा वास येणारे हात तोंडाशी धरले, पुन्हा पुन्हा चुंबले. आनंदाने तिला धड श्वास घेता येईना. आणि त्याच आनंदात, स्वतःचीच लाज वाटावी असा एक विचार तिच्या डोक्यातून गेला: आता कागद कुठून आणायचा?

"कुणी नाही गं, कुणी नाही," ती म्हणाली. "लांबचा प्रवास. काळं मळत नाही म्हणून घातलं."

"मेली, माझा जीव घेतलास." अझीजने तिच्या डोक्यावर हलकी टपली मारली. बोलताना ती गळ्याला हात लावत होती. "घशात नळी घातली होती. छातीत पाणी झालं. अकरा दिवस इस्पितळात. हा बिचारा तिथेच खुर्चीवर झोपायचा, दाढीसुद्धा केली नाही त्याने."

हूशंग आतल्या दारात चहाचं तबक घेऊन उभा होता. बहिणीला पाहून त्याला हसावं की काय करावं ते समजेना. दाढी त्याने आज केली होती.

"मला का नाही सांगितलं?" फरंगीसने त्याच्याकडे पाहून विचारलं.

"त्याला काय विचारतेस, मी सांगितलं होतं तसं," अझीज म्हणाली. "शुद्धीवर आल्या आल्या पाटीवर लिहून दिलं. तिला तोंड दाखवायचं नाही, आवाज ऐकवायचा नाही, आधी तिचे दिवस भरू देत. हा म्हणाला, तिला संशय येईल. म्हटलं, येऊ दे. माझा हा आवाज कानावर पडला असता तर पहिल्या विमानाने आली असतीस तू. ओळखते मी तुला." तिला दम लागला. तिने थोडं थांबून लेकीची हनुवटी वर उचलली. "इस्पितळात दिवसांचा हिशेबच राहिला नाही गं. किती राहिले होते? सगळे भरले ना?"

हूशंगच्या तबकातले पेले किणकिणले. रोज फोनवर आकडा विचारणारा तोच होता. त्याला तो पाठ होता.

"भरले, अझीज," फरंगीस म्हणाली. "सातशे तीस. वर एक जास्तच. भरले म्हणून तर आले."

"कार्ड मिळेल?"

"मिळेल."

"तरलानकडे जाता येईल?"

"येईल ना. का नाही येणार?"

अझीजने डोळे मिटले आणि तिच्या चेहऱ्यावर अशी तृप्ती पसरली की फरंगीसला तिच्याकडे बघवेना.

"बघ हूशंग," म्हातारी घरघरत म्हणाली, "तू उगीच घाबरत होतास. तोंड बंद ठेवलं म्हणून निभावलं सगळं. नाहीतर ही वेडी येऊन धडकली असती आणि तिकडे पोरीचं दार कायमचं बंद झालं असतं."

हूशंगने तबक जमिनीवर ठेवलं. "मी जरा दार लावून येतो," तो म्हणाला आणि बाहेर गेला. तो बराच वेळ आला नाही.

"मग आता घाई नाही ना तुला परत जायची?" अझीजने विचारलं.

फरंगीसने वाडगा पुढे ओढला, लसणाचा एक कांदा घेतला आणि त्याच्या पाकळ्या मोकळ्या करू लागली.

"नाही," ती म्हणाली. "आता कसली घाई."