गिळलं म्हणजे मेलं नाही

दुसऱ्याचं ऐकून घेण्याचा गुण आमच्या घरात माझ्याही वाट्याला आला नाही आणि माझ्या धाकट्या भावाच्याही नाही. तो सगळा त्याच्या बायकोत आहे. ती मध्ये आहे म्हणून आम्हा बहीणभावांचं अजून बोलणं तरी आहे.

मी क्षयाच्या दवाखान्यात बेडके तपासते. लोकांना नुसतं ऐकूनच मळमळतं, मी मात्र डबा खाताखाता त्यावर बोलू शकते. भावाचं गाद्यांचं दुकान. मागे कारखाना, पुढे दुकान, वर राहायच्या दोन खोल्या, आणि कापूस पिंजायचं यंत्र चालू झालं की तिन्हीकडे धूळ. त्याला क्षय निघाला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या म्हणून मी डोकेफोड केली. भावजय म्हणाली, दोघंही दवाखान्यात बसलो तर दुकानात कोण बसणार? तिला खोकला होताच, पण तो कापसाचा, लग्न झाल्यापासूनचा. घरात कुणाला तो ऐकूसुद्धा येत नसे.

औषधं सुरू झाली त्या दिवशी मी भावाला समोर बसवून सगळं समजावलं. म्हटलं, आपल्या अंगात जंतूंना गिळणाऱ्या पेशी असतात. जंतू दिसला की त्या त्याला गिळतात, आतल्या एका पिशवीत कोंडतात आणि वरून आम्ल ओतून जिरवून टाकतात. क्षयाचा जंतू मेणचट कवचाचा. तो त्या पिशवीत आम्ल येऊच देत नाही. आत बसून पेशीचंच खातो, सावकाश वाढतो, नाहीतर झोपून राहतो. जागे असतात ते औषधानं लवकर मरतात, झोपलेल्यांना गाठायला महिने लागतात. म्हणून बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत.

"म्हणजे पोलिसानं चोर पकडला आणि घरीच जेवायला ठेवला," भाऊ म्हणाला.

मी हसले. एवढं नेमकं बोलला म्हणजे याला कळलं, असं मी धरून चालले. भावजय शेजारी उशीचा अभ्रा शिवत होती. तिनं काही विचारलं नाही.

पुढे त्याला भूक लागायला लागली, खोकला गेला, गालांवर मांस चढलं. मग कुरकुर सुरू झाली. गोळ्यांनी पोट ढवळतं, लघवी लाल होते, आजार पळाला तर आता गोळ्या कुणाला मारणार? मी त्याला चार शब्द सुनावले की तो मान डोलवायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

अशात त्याच्या मुलीला, चिमीला, मुलगी झाली. भावजय बाळंतपणाला तिकडे जाऊन राहून आली. भावाला मात्र फोटोंवरच भागवावं लागलं. चिमीनं मला फोनवर स्वच्छ सांगितलं, आत्या, बाबांची तपासणी चांगली आल्याशिवाय मी बाळाला तिकडे आणायची नाही. मी निरोप जसाच्या तसा पोचवला. भाऊ आधी रुसला, मग पोरीचं बरोबर आहे म्हणाला, आणि सगळ्यांत मऊ कापूस निवडून वीतभर रुंदीची गादी शिवायला बसला. त्या नातीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तपासणीच्या सकाळी त्यानं बाटली आणून दिली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. बरं वाटायला लागलेले बहुतेक जण नुसती लाळ आणतात. यात मात्र घट्ट, खरा बेडका होता. भाऊ सुधारला म्हणून मला कौतुक वाटलं. काच केली, रंगवली, तेलाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. निळ्या पार्श्वभूमीवर लाल दांड्या, म्हणजे क्षयाचे जंतू. एक-दोन नाही, जिथे नजर जाईल तिथे. त्याच बाटलीतून दुसरी काच केली. तीही तशीच.

मला राग आला, आणि रागाखाली भीती होती. अर्धवट सोडलेल्या औषधांना जंतू सरावतात, मग साधी औषधं चालत नाहीत. अशी माणसं मी पाहिली आहेत. काम संपताच मी दुकान गाठलं. भाऊ यंत्राशी होता. मी ते बंद केलं आणि विचारलं, गोळ्या कधीपासून सोडल्यास?

तो खोटं बोलला नाही. चिमीला मुलगी झाली त्याच्या आधीपासून, म्हणाला. मग मी तोंड सोडलं. भरलेली काच स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलेय म्हटलं, नातीला मांडीवर घ्यायचंय की मारायचंय, असंही म्हटलं. तेवढं बोलायला नको होतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता, बायकोकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

भावजयीनं हातातली सुई गादीत खोचून ठेवली.

"ताई, ती बाटली यांची नव्हती," ती म्हणाली. "यांना भीती वाटत होती म्हणून मी माझा बेडका दिला. मला काय, नुसता कापसाचा खोकला."

मी खाली बसले. कापसाच्या ढिगावरच बसले, हे नंतर लक्षात आलं. भाऊ नुसता "माझ्यामुळे, माझ्यामुळे" म्हणत होता. मी त्याला गप्प केलं. उद्या दोघांनी यायचं, त्यानं स्वतःची बाटली द्यायची, हिचं औषध लगेच सुरू करायचं, हा बरा होणारा आजार आहे, असं सगळं मी भराभर सांगत सुटले.

भावजयीनं ते ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "बाळ महिनाभर माझ्याच मांडीवर होतं."

तान्ह्या मुलांनाही तपासता येतं, आजार नसला तरी होऊ नये म्हणून औषध देता येतं, मी म्हणाले. ते खरं आहे. पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही. चिमीला मी सांगते, म्हणून मी फोन लावला. भावजयीनं तो माझ्या हातातून घेतला.

चिमी निकालाची वाटच बघत असावी. पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू येत होतं. बाळ रडत होतं, आणि चिमी हसत विचारत होती, "आत्या, बाबांचं चांगलं आलं ना? मग आम्ही निघू का?"

"आई बोलतेय," भावजय म्हणाली. "येऊ नकोस, बाळा. बाबांमुळे नाही. माझ्यामुळे."