चोविसावं घर

"अगं, तू इथं कशी?"

खांद्यावरची शिडी खाली ठेवायचंच तपासनीस विसरला. कचेरीतून मिळालेल्या चिठ्ठीवर पत्ता होता, वेळ होती आणि 'गिऱ्हाईक दारात भेटेल' एवढंच लिहिलं होतं. अन् दारात उभी होती साक्षात त्याची बायको, ठेवणीतले कपडे घालून.

"गिऱ्हाईक आहे मी," ती म्हणाली. "रीतसर नोंद केलीय. आता नवरेगिरी करायची नाही. चला, कामाला लागा."

गंमत अशी की हा गृहस्थ बत्तीस वर्षं लोकांना घरं तपासून देत होता. भिंतीला नुसता तळहात लावून ओल सांगायचा. त्याची सही दिसली की घेणारे डोळे मिटून घर घ्यायचे. स्वतः मात्र भाड्याच्या घरात! बायकोने पसंत केलेली तेवीस घरं या पठ्ठ्याने नापास केली होती. एकाचा उतार उलटा, एकाचं छत गळकं, एकाच्या तर म्हणे खिडक्याच जिथे असायला हव्यात तिथे नव्हत्या. आणि ती बिचारी विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन दर दोन-तीन वर्षांनी घर बदलत राहिली.

"या घरावर दुसऱ्यांचाही डोळा आहे," आत जाता जाता ती हळूच म्हणाली. "ते संध्याकाळी येतायत. त्याआधी मला तुमचा अहवाल हवा. आणि ऐका, हे हातचं गेलं तर मी पंचविसावं बघायची नाही."

आवाज जराही चढला नव्हता, त्यामुळे तो जास्तच घाबरला.

घरमालक म्हणजे दातांचे म्हातारे डॉक्टर. आता मुलीकडे राहायला चालले होते. तपासनीस छोट्या हातोडीने फरश्या ठोकून बघायला लागला तसे ते भलतेच खुशीत आले.

"मीही जन्मभर हेच केलं हो," ते म्हणाले. "फक्त मी विचारायचो, दुखतंय का?"

"ही पोकळ आहे," तपासनीस म्हणाला.

"काढावी लागेल?" डॉक्टरांनी सवयीने विचारलं.

बायको फिस्सकन हसली. तपासनीस कसला हसतोय! त्याने भिंतीला ओळंबा सोडला, पाणसळ लावून फरशीचा उतार पाहिला, शिडी चढून माळ्यावर डोकं घातलं आणि केसांत कोळिष्टकं घेऊन खाली उतरला. दीड तासात एक्केचाळीस दोष निघाले. तेवढ्या वेळात बायको तीनदा स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा त्याने ते पाहिलं. आधीच्या घरांतही ती अशीच उभी राहिली असेल. तो तेव्हा छताकडे बघत असणार.

"वाचा," ती म्हणाली.

"न्हाणीघरात ओल. जिन्याची चौथी पायरी आखूड. दोन दारं फुगलेली..." तो थांबला. "हे बघ, खोटं मी लिहिणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

"कुणी सांगितलंय? सगळं लिहा. मला एवढंच सांगा, हे घर पडेल का?"

"पडतंय कसलं! पाया दगडासारखा आहे. अजून चाळीस वर्षं हलत नाही."

"आणि आपण?"

तपासनीसाने कागदावरून नजर उचलली.

"तुमची कंबर गेली, माझे गुडघे वाजतात," ती हसत म्हणाली. "तुम्ही रात्रभर घोरता, वर कबूलही करत नाही. तुमचा अहवाल लिहायला बसले तर एक्केचाळीसवर भागायचं नाही. म्हणून मी तुम्हाला नापास केलं का?"

डॉक्टर ठसका लागल्यासारखं करून बाहेर गेले. तपासनीसाला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्याने कोळिष्टकांच्या नावावर पुसून टाकलं.

मग तो जिन्यावरच टेकला. एकही दोष त्याने खोडला नाही. खाली लिहिलं, 'घेण्यास हरकत नाही', आणि सही ठोकली. राहिला 'खरेदीदार' हा रकाना. दुसऱ्यांच्या नावांनी तो त्याने हजारदा भरला असेल. आज आधी बायकोचं पूर्ण नाव लिहिलं, मग त्याखाली स्वतःचं. ते इतकं वाकडं आलं की खोडून पुन्हा लिहावं म्हणून त्याने पेन टेकवलं.

"असू द्या," ती म्हणाली आणि कागद काढून घेतला.