शाळा सोडण्याचे कारण

शाळेच्या कार्यालयात सव्वीस वर्षं काढलेल्या क्लार्कबाईंना सगळे ‘दाखलेबाई’ म्हणत. शाळा सोडल्याचा प्रत्येक दाखला त्यांच्या हातचा, आणि अक्षर असं की छापील ओळही त्यापुढे फिकी पडावी. नवऱ्यामागे त्या दोन खोल्यांत एकट्याच राहत. नाकासमोर चालणारी बाई. खोड एकच, एखादी गोष्ट डोक्यात शिरली की छडा लावल्याशिवाय घास गोड लागत नसे.

त्या वर्षी डोक्यात शिरले ते दाखलेच. एरवी दाखल्यांचं एक पुस्तक वर्षाला पुरून उरायचं. यंदा ते सहामाहीच्या आतच संपलं. पाचवीच्या दोन तुकड्यांची एक झाली. आणि खिडकीबाहेर बघावं तर चहूकडे क्रेन उभ्या, रस्त्यावर मुंगीला वाट नाही.

“सर, शहर वाढतंय म्हणता, मग आपली पोरं चाललीत कुठे?” त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं.

“बदल्या होतात हो. कारणाच्या रकान्यात ‘वडिलांची बदली’ असं लिहिलंय ना? झालं तर.”

“एवढ्या? मग अख्ख्या शहराचीच बदली निघाली म्हणायची!”

सर हसून वर्गावर गेले. बाईंना काही चैन पडेना. खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक पालकाला त्या विचारू लागल्या, “खरं सांगा, बदली कुठे झाली?”

एका मुलीची आई मोठ्या इस्पितळात नर्स होती. ती म्हणाली, “बदली कसली, बाई! नोकरी इथेच आहे. मालक आमची इमारत पाडतोय. नव्या इमारतीत आमच्यासारख्यांचा काय निभाव लागणार? दोन तासांवरच्या गावात घर घेतलंय. आता शहरात यायचं ते फक्त कामाला.”

पुढे बसचालक आला, एका कंपनीचा हिशेबनीस आला, चित्रकलेचे सर आले. कथा तीच, आणि गावही बहुतेकांचं तेच.

एका शुक्रवारी रजा टाकून बाईंनी त्या गावाची बस धरली. गावातली शाळा सापडायला वेळ लागला नाही, कारण तिचा गलबला थांब्यापर्यंत ऐकू येत होता. वर्ग मावेनात म्हणून मैदानात पत्र्याच्या शेड उभ्या केल्या होत्या. कार्यालयात केसांत चष्मा खोवलेली एक ठेंगणी क्लार्क बसली होती. तिने नोंदवहीत नाव लिहायला सांगितलं. बाईंनी लिहिलं, तशी ती वहीवर वाकली.

“अगंबाई, हे अक्षर तुमचं? रोज तुमचे दाखले फायलीला लावते मी!”

तिने कपाटातून जाडजूड फाईल काढली. बाईंनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. सगळे त्यांच्याच हातचे दाखले. सासरी गेलेल्या लेकी एकदम एका ओसरीवर भेटाव्यात, तसं झालं त्यांना.

“म्हणजे तुमचं बरं चाललंय,” त्या म्हणाल्या.

“कुठलं बरं? तुमची माणसं आली नि घरं महागली. इथली जुनी माणसं आता पुढच्या गावी निघालीत. मीही दाखले देतेच की!”

“आणि पुढच्या गावातली?”

“ते तिथल्या क्लार्कला विचारा.” दोघी मनापासून हसल्या.

“मग आमच्या शहरात येतंय तरी कोण?”

“माझी लेक!” क्लार्क म्हणाली. त्याच मोठ्या इस्पितळात मुलीला नर्सची नोकरी लागली होती. एका खोलीत पाचजणींनी राहायचं, आणि तीही खोली अजून मिळाली नव्हती. “एकटा जीव असेपर्यंत शहर कडेवर घेतं हो. संसार मांडला की खाली ठेवतं.”

“पाठवा माझ्याकडे,” बाई बोलून गेल्या.

सोमवारी मुलगी आली, एक बॅग आणि काखेत उशी. “मावशी, दुसऱ्या उशीवर मला झोप नाही लागत,” तिने आल्याआल्या सांगून टाकलं.

इकडे बाईंनी दाखल्यावर खरं कारण लिहायला सुरुवात केली: ‘इमारत पाडली’, ‘घर परवडत नाही’.

“बाई, हे वरच्यांनी वाचलं तर?” सर घाबरले.

“वाचू देत की. त्यांच्यासाठीच लिहिलंय.”

वरून मात्र हाक ना बोंब.

दोन वर्षांनी मुलीचं लग्न ठरलं, इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका मुलाशी. आता हीसुद्धा दोन तासांवर जाणार, असं बाईंनी मनाशी धरलंच होतं. पण झालं भलतंच. रोजच्या प्रवासाला कंटाळून इतक्या नर्सनी नोकऱ्या सोडल्या, की इस्पितळाने आवारातच कर्मचाऱ्यांसाठी चार मजली इमारत बांधली. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात मुलीचं नाव निघालं.

बाई घर बघायला गेल्या. दोन खोल्या, उजेडाच्या.

“इस्पितळाला हे शहाणपण सुचलं कधी गं?”

“दोन वॉर्डांना कुलूप लागलं तेव्हा.” मुलगी पडदा अडकवत म्हणाली, “पण नोकरी सुटली की घरही सुटणार, मावशी.”

“आणि बसवाल्यांना, शिक्षकांना घरं द्यायचं कोणाला सुचणार?”

“ते मला काय माहीत?”

बाईंनी चपला घातल्या.

“निघालात? चहा टाकलाय मी.”

“वरचा मजला बघून येते. कोण कोण राहतंय, कुठून कुठून आलंय, विचारते जरा,” असं म्हणत त्या जिना चढू लागल्यासुद्धा.