कापराच्या झाडासमोर

रॉसने आपल्या बायकोच्या, ग्वेनच्या हनुवटीखालचा रुमाल काढला, ओठांच्या कडेला राहिलेली लापशी टिपली आणि खुर्ची खिडकीकडे वळवून चाकांना ब्रेक लावला.

"आले बघ तुझे पारवे. आज बारा तरी असतील."

खिडकीभर कापराचं झाड होतं. पांढऱ्या डोक्यांचे पारवे त्याची काळी फळं गिळत होते आणि खाली घळीत शिटत होते. शीट पडे तिथे नवं रोप उगवे. ग्वेन पारव्यांकडे नाही, त्या रोपांकडे बघत होती. गुडघ्याएवढी झाली होती. बावीस वर्षं, दर शनिवारी, गावातल्या लोकांना हाताशी घेऊन तिने ती घळ साफ केली होती, बाहेरून आलेलं तण उपटून इथलीच मूळची झाडं लावली होती. त्या परक्या तणातलं कापराचं हे एवढं एकच झाड उरलं होतं. ते मारायला त्याच्या खोडात भोकं पाडून विष भरायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात तिला झटका आला.

उजवं अंग गेलं. बोलण्यातला एकच शब्द मागे राहिला: छान. तोही ती निवडून बोलत नसे; तोंड उघडलं की तोच बाहेर पडे. लिहायला घेतलं तर डाव्या हातातून नुसत्या रेघा उमटत. मान हलवावी तर हो आणि नाही यांची गल्लत होई. समजत मात्र सगळं होतं. दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी रॉसने तिला खिडकीशी बसवून विचारलं होतं, "झाड बघायला आवडतंय का गं?" आणि ती म्हणाली होती, "छान."

झाड वाचलं. त्याला आता अकरा महिने झाले होते.

दहाच्या सुमाराला घळ साफ करणाऱ्या गटाची माणसं चिखलाचे बूट दाराशी काढून आत आली. अध्यक्ष ट्रेव्हरने टोपी हातात घेतली.

"ग्वेन, आम्ही ठरवलंय. हे झाड कायमचं ठेवायचं. खाली एक बाक टाकतोय, त्यावर तुझं नाव. कसं वाटतं?"

नाही, ती म्हणाली. सगळा जीव एकवटून म्हणाली.

"छान."

टाळ्या वाजल्या. तिचे डोळे वाहू लागले. रॉसने ते पुसले.

"आनंदाने रडतेय," तो सगळ्यांना म्हणाला.

माणसं परत कामाला गेली, रॉस चहा करायला आत गेला. नोलीन पॅस्को तेवढी मागे रेंगाळली. घाणेरीची जाळी एका दमात उपटायची, की लहान पक्ष्यांना आडोसा राहावा म्हणून थोडी थोडी काढायची, यावरून या दोघी वर्षानुवर्षं भांडत आल्या होत्या. नोलीनने स्टूल ओढलं आणि ग्वेनच्या समोर बसली.

"बावीस वर्षांत माझ्या एका तरी कामाला छान म्हणालीस का गं? 'मुळं राहिली.' 'अर्धवट केलंस.' 'पुन्हा कर.' आणि आता या भिकारड्या कापराला छान?"

"छान."

"गप बस. तो शब्द तुझा नाही. एवढं तरी ओळखते मी तुला." तिने ग्वेनचा डावा हात हातात घेतला. "हे झाड मारायला हवंय ना तुला? हवं असेल तर दाब."

ग्वेनने इतक्या जोराने दाबलं की नोलीनची अंगठी तिच्याच बोटांत रुतली.

"आई गं! मेली, जोर गेला नाही अजून." नोलीन हसली. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी ग्वेनशी भांडलं होतं. "थांब, आत्ता सांगते रॉसला."

रॉस ट्रे घेऊन आला.

"खरं सांगू का नोलीन," कप मांडता मांडता तो म्हणाला, "हे झाड नसतं ना, तर मी वेडा झालो असतो. सकाळी जाग आली की वाटतं, उठून करायचं काय? मग म्हणतो, हिला पारवे दाखवायचेत. तेवढ्यासाठी उठतो बघ."

दूध ओतताना थोडं बशीत सांडलं, ते त्याने बोटाने पुसून घेतलं. नोलीनने ग्वेनकडे पाहिलं. ग्वेन रॉसच्या हाताकडे बघत होती. मग तिने आपला हात नोलीनच्या हातातून हळूच सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"तू काही म्हणत होतीस का?" रॉसने विचारलं.

"साखर," नोलीन म्हणाली. "साखर कुठाय?"

पुढच्या शनिवारी बाक आला. गटाची माणसं तो बसवून ओढ्याच्या वरच्या अंगाला निघून गेली. नोलीन गेली नाही. एकटीच घळीत उतरली आणि झाडाखालची रोपं उपटायला लागली. एका टोकापासून, एका दमात, ग्वेनच्या पद्धतीने. एकेक मूळ खिडकीच्या दिशेने उंच धरायची, मग पोत्यात टाकायची.

ग्वेन खुर्चीत पुढे झुकली. तिने डावं बोट काचेवर आपटलं. नोलीनने वर पाहिलं आणि उजवीकडे एक पाऊल टाकलं. ग्वेनने पुन्हा आपटलं, या वेळी दोनदा.

"अगं हळू," रॉस मागून म्हणाला, "पारवे उडतील."

नोलीन डावीकडे वळली, नेच्यांच्या मागे राहून गेलेलं रोप तिला दिसलं, आणि ती खाली वाकली.